लोकताकच्या तरंगत्या जमिनीवर

2019 च्या फेब्रुवारीत मणिपूरला निघालो तेव्हा माझ्या पायांत नवेकोरे चामडी बूट होते आणि परतलो तेव्हा मोइरांगच्या बाजारात घेतलेल्या रबरी चपला होत्या. मधल्या तीन दिवसांविषयीच लिहायचे आहे. इम्फाळमधले तीन दिवस, केवळ स्त्रियांनी चालवलेला इमा कैथेलचा बाजार आणि चाक-हाओ या काळ्या तांदळाची जांभळट खीर यांविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.

इम्फाळपासून मोइरांग साधारण पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. 14 एप्रिल 1944 रोजी आझाद हिंद सेनेने जिथे तिरंगा फडकवला, ते हेच गाव. त्याला लागून लोकताक सरोवर पसरलेले आहे. ईशान्य भारतातले हे गोड्या पाण्याचे सर्वांत मोठे सरोवर आहे, हे मी वाचून गेलो होतो. परंतु सेंद्रा टेकडीवरून पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी निराशाच झाली. पाण्यावर सर्वत्र हिरवे-तपकिरी तुकडे आणि मोठमोठी वर्तुळे दिसत होती. पंचगंगा आणि मुळा-मुठा जलपर्णीने गुदमरलेल्या पाहून ज्याचे डोळे विटले आहेत, त्याला हिरवे पाणी दिसले की प्रथम महानगरपालिकाच आठवते. ‘येथेही तेच’ असे मी बोलूनही गेलो. गाडी चालवणारा तरुण मुलगा हसला आणि म्हणाला की उद्या त्यावर उभे राहून पाहा.

त्या तुकड्यांना तिथे फुमदी म्हणतात. गवत, वेत, मुळे, कुजलेला पाला आणि माती यांचा तो एकजीव झालेला थर असतो. तो पाण्यावर तरंगतो आणि हिमनगाप्रमाणे त्याचा बहुतांश भाग पाण्याखाली राहतो. वरून दिसणारी वर्तुळे मात्र माणसांनी फुमदी जोडून केलेली असतात. मासे आत येऊन थांबावेत म्हणून केलेल्या या वाड्यांना आथाफुम म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका वृद्ध कोळ्याच्या अरुंद लाकडी होडीतून निघालो. गाडीवाला त्यांना ‘पाबुंग’ म्हणजे बाबा म्हणत होता, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. धुके इतके दाट होते की आधी पक्ष्यांचे आवाजच येत राहिले. अडई बदकांची शीळ डोक्यावरून गेली, मग गवतात जांभळ्या पाणकोंबड्यांची भांडणे ऐकू आली. धुके विरले तेव्हा तलवार बदकांचा मोठा थवा उघड्या पाण्यावर बसलेला दिसला. नरांच्या मानेवरची पांढरी रेघ आणि टोकदार शेपट्या दुर्बिणीशिवायही ओळखू येत होत्या. मी पक्षीनिरीक्षक नाही, आणि अशा ठिकाणी याद्या करणाऱ्या माणसांची सोबत मला सोसत नाही. परंतु त्या थव्याकडे पाहत मी अर्धा तास एक शब्दही बोललो नाही, हे माझ्या घरच्यांना खरे वाटणार नाही.

पाबुंगनी होडी एका फुमदीला टेकवली. तिच्यावर बांबूची आणि गवताची छोटी झोपडी होती. अशा झोपड्यांमध्ये लोक वर्षानुवर्षे राहत आले आहेत. 2011 मध्ये सरोवर स्वच्छ करण्याच्या नावाखाली त्यांतल्या शेकडो जाळण्यात आल्या. मी उतरलो. जमीन पावलाखाली दबली आणि चार हातांवरचे गवत हलले. भिजलेल्या गादीवर उभे राहिल्यासारखे ते होते, पण गादीखाली पलंग असतो, हे तोवर मी गृहीत धरलेले होते. झोपडीच्या दारातल्या इमांनी (इमा म्हणजे आई) हात हलवून काहीतरी सांगितले. मला ते स्वागत वाटले, म्हणून मी हसून पुढे पाऊल टाकले आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाय निघाला, बूट निघाला नाही. इमा सांगत होत्या ते ‘तिकडे जाऊ नका’ असे होते.

त्यानंतर पाबुंगनी जे केले ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांनी वल्हवण्याचा बांबू उचलला आणि मी रुतलो होतो त्या जागी खुपसला. थोडासा थर ओलांडताच बांबू एकदम मोकळा होऊन सर्रकन खाली गेला. त्यांनी तो वर काढला, चिखल लागलेला भाग दोन्ही हातांच्या अंतराने दाखवला, आणि मग हात आपल्या कमरेपर्यंत नेऊन म्हणाले (गाडीवाल्याने हिंदीत सांगितले) की मी लहान असताना एवढा होता.

त्याचे कारण इथाईचा बंधारा. पूर्वी हिवाळ्यात सरोवराचे पाणी उतरायचे, फुमदी तळाला टेकायची, मुळे तळच्या मातीतून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात ती पुन्हा वर यायची. जलविद्युत प्रकल्पासाठी 1983 मध्ये मणिपूर नदीवर बंधारा झाला आणि पाणी बारा महिने चढेच राहू लागले. फुमदीला तळ मिळेना, ती उपाशी राहून पातळ होत गेली. चिंदविन नदीतून अंडी घालायला वर येणारे मासेही बंधाऱ्यापाशी अडले. माझ्या आईचे माहेर कोयनेच्या पाण्यात गेले. गाव बुडते म्हणजे काय, ते मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. जमीन पाण्यावर तरंगत असूनही धरणाने मरू शकते, हे मात्र मला त्या बांबूने सांगितले. इमांनी लाल चहा आणि भाजलेला मासा दिला. पैसे घेईनात, तेव्हा मी फार आग्रह केला. तो आग्रह आता मला थोडा ओशाळवाणा वाटतो.

त्याच संध्याकाळी चपला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे सरोवराच्या आग्नेयेकडील कैबुल लामजाओला गेलो. जगातले हे एकमेव तरंगते राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ 40 चौरस किलोमीटर. सांगाई हे हरीण फक्त येथेच जंगलात उरले आहे. 1951 मध्ये ते नामशेष झाल्याचे मानले गेले, दोन वर्षांनी पुन्हा आढळले आणि 1975 मध्ये हवाई पाहणीत अवघे 14 दिसले. 2016 च्या गणनेत ते 260 होते. मनोऱ्यावर आमच्याआधी एक सहल आली होती. त्यांच्याकडे गाणी वाजवणारे यंत्र होते आणि ते बंद करा म्हटल्यावर ‘हरणाला गाणे आवडते, ते नाचते म्हणतात’ असे उत्तर मिळाले. सांगाईला नाचरे हरीण म्हणतात हे खरे. पण त्या उत्तराला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही. चाळीस मिनिटांनी ती मंडळी कंटाळून गेली.

मग बराच वेळ नुसते गवत होते. सूर्य वर आला तेव्हा पिवळ्या गवतावर शिंगांची एक जोडी दिसली. कपाळापासून पुढे आणि मागे एकाच कमानीत वळलेली ती शिंगे हळूहळू सरकत होती. गवत विरळ झाले तिथे नर पूर्ण बाहेर आला. त्याने एक पाय पुढे टाकला, थांबला, भार दिला, मग दुसरा. हे हरीण खुरांच्या टोकावर न चालता खुरामागचा सांधाही टेकवून चालते, त्यामुळे भार पसरतो, आणि ते चालणे दुरून नाचल्यासारखे दिसते. आदल्या दिवशी माझा पाय गुडघ्यापर्यंत गेलेला नसता, तर मीही ‘किती डौलदार’ असे म्हणून मोकळा झालो असतो. आता प्रत्येक पावलाला माझीच पोटरी आखडत होती. मध्येच त्याचा मागचा पाय खचला, त्याने तो शांतपणे काढला, आमच्याकडे मान वळवून पाहिले आणि थोडे बाजूने, जाड गवताच्या पट्ट्यावरून तो निघून गेला.

उरलेला डावा बूट मी मोइरांगच्या खोलीत पलंगाखाली ठेवून आलो.