तीन खोल्या, एक अ‍ॅम्प्लिफायर

बैठक, माजघर अन् ओसरी, तिन्हीकडे गाणं वाजलं पाहिजे आणि अ‍ॅम्प्लिफायर एकच. गावातला मंडपवाला पोट्टा म्हणे, "सगळे एकातच जोडून टाक ना भाऊ. आमी लग्नात धा-धा भोंगे लावतो." त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. मंडपातली लाइन १०० व्होल्टची असते, भोंग्याभोंग्याला ट्रान्सफॉर्मर असतो. घरच्या स्पीकरला तो नसतो.

ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका अ‍ॅम्प्लिफायरमधून करंट जास्त. ८ ओहमचे तीन स्पीकर पॅरलल, म्हणजे तिन्ही त्याच दोन टोकांना जोडले, तर भार २.७ ओहमवर उतरतो. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर छापलंय ४ ते १६ ओहम. आवाज चढवला की आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापून जायचे. तिन्ही सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक घेतले तर २४ ओहम, आवाजच पडतो.

म्हणून माजघर आणि ओसरी सिरीजमध्ये घेतले, झाले १६. त्याला बैठकीचा ८ चा पॅरलल जोडला, भार आला ५.३. डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलला हीच जोडणी. यात एक फायदा आयताच मिळाला: माजघर आणि ओसरीत प्रत्येकी बैठकीच्या चौथा हिस्साच पॉवर जाते. म्हणजे आवाज ६ डेसिबलनं कमी. ऐकू नीट येतं, पण बोलणं थांबवावं लागत नाही.

जुन्या स्पीकरांवरची लेबलं केव्हाच गळून गेलेली. मल्टीमीटर लावला. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर साडेसहाच्या आसपास दाखवतो, कारण मीटर फक्त कॉइलचा डीसी रेझिस्टन्स, म्हणजे सेलसारख्या एकदिश करंटला होणारा अडथळा मोजतो. एक साडेतीनवालाही निघाला, म्हणजे ४ ओहमचा. तो बाजूला.

प्लस-मायनससाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. स्पीकरचा कागद (कोन) बाहेर आला तर सेलचं प्लस जिथं, तेच स्पीकरचं प्लस. एक जरी उलटा लागला तरी ढोलकीचा दम जातो. वायर दीड स्क्वेअर एमएमची, तांब्याची, कवेलूखालून पाइपातून नेली. उंदरांचा काय भरवसा!

बाबांना ओसरीतला आवाज हवा तेव्हा बंद करता यायला पाहिजे होता. सिरीजमध्ये तार तोडली की माजघरही मुकं. म्हणून तिथं स्पीकरच शॉर्ट करणारा, म्हणजे त्याची दोन टोकं थेट जोडणारा, डबल पोल स्विच बसवला; एकाच खटक्यात डावा-उजवा दोन्ही स्पीकर बंद. तेव्हा भार बरोबर ४ होतो, छापलेल्या हद्दीवर. फक्त माजघरातला आवाज एकदम चढतो. पहिल्याच दिवशी आई आतून ओरडली, "तुह्या बाबाले सांग, ओसरीतलं चालूच ठेवा म्हनाव!"