आमची वाटचाल: नावावर काम लागेपर्यंत

आप्पांनी बार्शी तालुक्यात किती शाळाखोल्या बांधल्या, याचा एकही कागद आमच्या घरात नाही. आप्पा गवंडी. पुढं मिस्त्री झाले, हाताखाली दहा-बारा माणसं आली, पण टेंडर कायम दुसऱ्याचं. लायसनवाला वर्क ऑर्डर आणायचा, आपले टक्के कापून घ्यायचा, बाकी सगळं आप्पांच्या अंगावर. मी 2009 साली सिव्हिलचा डिप्लोमा करून आलो आणि आणखी काही वर्षं त्याच माणसाच्या नावावर कामं ओढली. शेवटच्या कामाचं बिल निघालं, आमचा हिशेब मात्र राहिला तो राहिलाच.

पैसे बुडाल्याचं वाईट वाटलं, पण अक्कल आली ती स्वतःचं लायसन काढायला गेल्यावर. खुल्या ठेकेदाराच्या नोंदणीला आधी केलेल्या कामांचे दाखले लागतात. दाखले सगळे त्याच्या नावाचे. पंचवीस वर्षं काम करून आम्ही कागदावर कोरे.

वाट निघाली ती सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून. डिप्लोमा असला की तिथं अनुभव विचारत नाहीत. छोट्या कामांची वाटणी तेव्हा अशी होती: 33 टक्के आमच्यासारख्यांना, 33 मजूर संस्थांना, 34 खुल्या ठेकेदारांना. फक्त आपण कुठं नोकरीला नाही, असं स्टॅम्पवर लिहून द्यायचं. मी बेरोजगार असल्याचं प्रतिज्ञापत्र टाइप होत होतं आणि फोनवर मुकादम विचारत होता, ‘‘मालक, शनिवारी किती जणांचा पगार काढायचा?’’

2013 मध्ये नोंदणी झाली. काम वाटप समितीच्या सोडतीत दोनदा हात हलवत परत आलो. तिसऱ्यांदा अंगणवाडीची एक खोली लागली.

जागा काळ्या मातीची. इस्टिमेटात पायाची जी खोली होती, तिथं एका कोपऱ्यात पहार अजून भसकन आत जात होती. आप्पा म्हणाले, ‘‘मुरूम लागल्याबिगर मी काँक्रीट टाकू देणार न्हाई.’’ त्यांनी आणखी दोन फूट खोदायला लावलं. मी त्या दिवशी सिमेंटच्या मागं सोलापूरला. संध्याकाळी आलो तर पाया भरून, वर माती ओढून सगळं सपाट. आप्पा खुशीत.

चार दिवसांनी शाखा अभियंता एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहायची सरकारी वही, घेऊन आले. त्यांनी इस्टिमेटातलीच खोली लिहिली. मी कोपऱ्याचं सांगितलं, तर पेन थांबवून म्हणाले, ‘‘मी पाहिलं नाही ते मी कसं लिहू? आधी फोन करायचा.’’ त्यांचं बरोबर होतं. आप्पा मात्र टेपचं टोक हातात धरून तसेच उभे. जवळजवळ एक ब्रास, म्हणजे साहेबांच्या मापात 2.83 घनमीटर, फुकट जमिनीत गेले. खाली मी सही केली. मोजमाप मान्य असल्याची ती माझी पहिली सही.

बिल हातात आलं तेव्हा आणखी एक धडा. आयकर, विमा, 1 टक्का कामगार उपकर, सुरक्षा अनामत हे कापणार हे ठाऊक होतं. पण क्रशरवाल्याकडून रॉयल्टीच्या, म्हणजे खडीवरच्या सरकारी शुल्काच्या, पावत्या घ्यायच्या मी विसरलो, आणि तीही रक्कम बिलातून गेली. खडीवाल्याला भावातच रॉयल्टी दिली होती. म्हणजे एकच खडी दोनदा विकत घेतली. तेव्हापासून गाडी रिकामी होण्याआधी पावती मागतो. लोक चिकट म्हणतात.

पण त्या खोलीचा काम पूर्ण झाल्याचा दाखला आमच्या नावावर आला. असे दाखले साठवत, बँकेकडून ऐपतीचा दाखला काढत पुढं खुल्या वर्गात गेलो. 2017 ला जीएसटी आला, तेव्हा हातातल्या कामांच्या हिशेबानं सहा महिने डोकं उठवलं. आता ऑनलाइन टेंडर भरतो. डिजिटल सहीची कळ बायकोच्या कपाटात असते. समोरचे वीस-पंचवीस टक्के बिलो, म्हणजे इस्टिमेटापेक्षा तेवढ्या कमी दरानं, जातात. त्यांचं गणित त्यांना लखलाभ, मी तेवढा खाली जात नाही.

आप्पांना आता काम होत नाही, तरी साइटवर येतात. पाया खोदून झाला की खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसतात. साहेबांचा टेप आत उतरून वर आल्याशिवाय एक पाटी काँक्रीट पडू देत नाहीत.