५०० जोडण्यांच्या आतल्या कंपन्या आणि आम्ही

आमची फर्म अमेरिकेतल्या लहान पाणी आणि वीज कंपन्यांचे हिशेब लिहिते आणि नियामक आयोगांकडे जाणारे त्यांचे वार्षिक अहवाल तयार करते. सुरुवातीला आम्ही येईल ते लेखाकाम घेत होतो. या क्षेत्राकडे वळलो ते एका ग्राहकामुळे. नवरा-बायको मिळून चालवत असलेली, काही शे नळजोडण्यांची पाणी कंपनी. पंप बिघडला की विहिरीवर जायचं त्यांनीच, बिलं काढायची त्यांनीच, आणि वर्ष संपलं की आयोगाचा अहवालही त्यांनीच भरायचा. "आम्ही नेमके कोणत्या वर्गात मोडतो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर शोधता शोधता आमच्या धंद्याची दिशा ठरली.

कारण उत्तर एकच नव्हतं. कॅलिफोर्नियाचा आयोग जोडण्या मोजतो. १०,००० च्या वर असल्या तर वर्ग ए, २,००१ पासून १०,००० पर्यंत बी, ५०१ ते २,००० सी आणि ५०० पर्यंत डी. राज्यांच्या आयोगांची राष्ट्रीय संघटना आहे, नारुक. पाणी कंपन्यांसाठीची तिची एकसमान लेखापद्धती महसूल बघते. १९९६ च्या आवृत्तीत वर्षाला १० लाख डॉलर किंवा जास्त उत्पन्न असेल तर ए, २ लाखांच्या खाली असेल तर सी आणि मधल्या सगळ्या बी. पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, पाणी पिणारी माणसं मोजते. ५०० पर्यंत अतिलहान, ३,३०० पर्यंत लहान, १०,००० पर्यंत मध्यम.

आता १,९०० जोडण्या, सुमारे ६,००० माणसं आणि ११ लाख डॉलर महसूल असलेली एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. जोडण्यांनी ती सी, माणसांनी मध्यम, महसुलाने थेट ए. कंपनी तीच, नळ तेच. म्हणून नवा ग्राहक आला की आम्ही आजही आधी एकच कागद करतो: या कंपनीला कोण मोजतं, कशाने मोजतं आणि पुढची रेषा किती लांब आहे. आमची ओळख झाली ती या कागदामुळे. एका कंपनीने दुसरीला सांगितलं, तिने तिसरीला. जाहिरात आम्ही कधी केली नाही.

इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालंय की लहान कंपन्यांसाठी महसुलापेक्षा जोडण्यांचं माप जास्त न्याय्य आहे. दरवाढ मंजूर झाली की एकही नवा ग्राहक न जोडता महसूल रेषा ओलांडतो. काम करणारे हात तेवढेच राहतात, पण खतावणीतली खाती वाढतात, अहवालाची पानं वाढतात आणि तो खर्च शेवटी त्याच घरांच्या बिलात जातो. जोडण्या अशा फुगत नाहीत.

वर्गावर किती काय अवलंबून असतं हे बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. कॅलिफोर्नियात वर्ग ए कंपनीला दर तीन वर्षांनी दरनिश्चितीचा रीतसर अर्ज करावा लागतो. त्यात साक्षी, सुनावण्या, वकील सगळं आलं. सी आणि डी कंपन्यांना ॲडव्हाइस लेटर नावाच्या सोप्या मार्गाने दरवाढ मागता येते. आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. नफा सहसा गुंतवणुकीवर ठरतो. पण लहान कंपनीच्या पाइपलाइनी बरेचदा वसाहत बांधणाऱ्याने दिलेल्या असतात, किंवा घसारा होऊन त्यांची पुस्तकी किंमत संपलेली असते. गुंतवणूकच शून्याजवळ, तर त्यावरचा परतावा तरी किती येणार? म्हणून तिथल्या आयोगाने सी आणि डी वर्गांना चालू खर्चावर ठरावीक टक्के नफा घेण्याची वाट दिली. या हिशेबावर तगून राहिलेल्या कंपन्यांच्या वह्या मी स्वतः लिहिल्या आहेत, म्हणून हे इतक्या आपुलकीने सांगतोय.

वीज कंपन्यांचं काम आम्ही नंतर घेतलं. केंद्रीय ऊर्जा नियामक आयोग, फर्क, त्यांना मेजर आणि नॉनमेजर अशा दोन गटांत टाकतो. वर्षाला एकूण १० लाख मेगावॉट-तास विक्री ही एक कसोटी. पण दुसऱ्या वितरकाला पुनर्विक्रीसाठी दिलेली वीज अवघ्या १०० मेगावॉट-तासांवर गेली तरी कंपनी मेजर ठरू शकते. घरगुती ग्राहक थोडे म्हणून निर्धास्त राहिलेल्या कंपनीला इथे धक्का बसतो. या नियमातली चांगली गोष्ट अशी की मर्यादा सलग तीन वर्षं ओलांडावी लागते. एखाद्या कडक उन्हाळ्याने वर्ग बदलत नाही. जोडण्या मोजणाऱ्यांनीही अशी सवड द्यावी असं मला मनापासून वाटतं.

मध्यंतरी आमची एक डी वर्गातली कंपनी पाचशेच्या उंबरठ्यावर आली. शेजारी घरं उभी राहत होती. नव्या जोडण्या द्यायच्या की थांबायचं, असा पेच मालकांपुढे होता. वर्ग टिकवण्यासाठी कोणाच्या घरचं पाणी अडवू नये, असं आम्ही स्पष्ट सांगितलं आणि रेषा ओलांडण्याच्या वर्षभर आधीच त्यांची वही सी वर्गाच्या अहवालाला पुरेल इतक्या तपशिलाने लिहायला घेतली. संक्रमण सुरळीत झालं. तेव्हापासून हे आमच्या नेहमीच्या कामातच आहे: रेषेजवळ आलेल्या प्रत्येक ग्राहकाची पुढच्या वर्गाची वही आम्ही आधीच उघडतो.

मोठ्या कंपन्यांकडूनही विचारणा येते, पण त्यांच्याकडे हिशेबाचे स्वतंत्र विभाग आहेत. अमेरिकेतल्या सार्वजनिक पाणी योजनांपैकी निम्म्याहून जास्त ईपीएच्या अतिलहान गटात आहेत, आणि वही लिहायला वेगळा माणूस ठेवणं त्यांना परवडत नाही. सध्या आम्ही पाण्याच्या तपासण्यांच्या वेळापत्रकांचं काम शिकून घेतोय, कारण तिथेही किती नमुने घ्यायचे हे पुन्हा पिणाऱ्यांच्या संख्येवर ठरतं.