कुलूप भारी, स्क्रू अर्ध्या इंचाचे

पावसाळ्यात लाकूड फुगते आणि दार चौकटीला घासू लागते, यात नवे काही नाही. यंदा मात्र मुख्य दाराचे कुलूपच नीट लागेना, तेव्हा चौकटीवरची पट्टी, म्हणजे कुलपाची जीभ जिच्या खाचेत जाते ती स्ट्राइक प्लेट, कानशीने थोडी घासावी म्हणून मी ती काढायला घेतली. दोनच स्क्रू निघाले. एक जेमतेम अर्ध्या इंचाचा होता आणि दुसरा पेचकस लावण्याआधीच बोटांनी फिरत होता; त्याच्या आट्यांत लाकडाचा भुगा भरलेला होता. दोन आठवडे चौकशी करून घेतलेले माझे कुलूप इतकी वर्षे रोज रात्री या दोन स्क्रूंच्या भरवशावर लागत होते.

कुलूप निवडताना आपण किल्ली किती गुंतागुंतीची आहे, डुप्लिकेट सहज बनेल का, हे विचारतो. घाईतला चोर मात्र किल्लीच्या वाटेला जातच नाही. तो फटीत पहार घालतो किंवा सरळ लाथ मारतो. त्या लाथेचा जोर कुलपाच्या जिभेवर येतो आणि जीभ तो चौकटीवर टाकते. चौकटीत खाच पाडल्यामुळे तिच्या कडेला लाकडाची अगदी अरुंद धार उरलेली असते आणि सगळा मार तिलाच सोसावा लागतो. ही धार लाकडाच्या रेषांबरोबर उभी चिरली की कुलूप शाबूत राहते, जीभही बाहेर आलेली राहते आणि दार मात्र सताड उघडते.

यावरचा उपाय कुलपापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पट्टी जाड पोलादाची आणि शक्य तितकी लांब घ्यावी, म्हणजे मार एका बिंदूवर न पडता चौकटीच्या मोठ्या भागावर पसरतो, आणि ती किमान 75 मिलिमीटरच्या स्क्रूंनी बसवावी. एवढा स्क्रू चौकट पार करून मागच्या भक्कम आधारापर्यंत पोहोचतो. मागे वीटकाम किंवा काँक्रीट असेल, तर तिथे प्लग किंवा अँकर लागतो, नुसता लाकडाचा स्क्रू धरत नाही. आधी बारीक ड्रिलने छिद्र पाडावे, नाहीतर जुने लाकूड आपणच चिरून बसतो. स्क्रू जड जात असेल तर आट्यांना थोडा साबण लावावा.

माझ्याकडे ड्रिल चौकटीच्या पलीकडे गेल्यावर एकदम आत घसरले, तेव्हा लक्षात आले की चौकट आणि भिंत यांच्यात बोटभर पोकळी आहे. वरून प्लास्टर इतके साफ होते की शंका येण्याचे कारणच नव्हते. अशी पोकळी असली, तर पहार घातल्यावर चौकट मागे वाकते आणि जीभ खाचेतून आपोआप सुटते. म्हणून कुलपाच्या उंचीवर आणि बिजागऱ्यांच्या मागे लाकडी पाचरी घट्ट ठोकून मगच लांब स्क्रू आवळावे लागले. या एका कामात अख्खा रविवार गेला. बाकीचे काम त्या मानाने किरकोळ होते.

बिजागऱ्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असेल, तर बिजागरीची खीळ बाहेर राहते, आणि ती ठोकून काढली की कुलपाला हात न लावता दार त्या बाजूने उचकटता येते. न निघणाऱ्या खिळेच्या बिजागऱ्या मिळतात, पण घरच्या घरी करण्याजोगा एक जुना उपायही आहे. बिजागरीच्या दोन्ही पानांतले समोरासमोरचे एकेक स्क्रू काढायचे, एका छिद्रात जाड स्क्रू अर्धा बाहेर ठेवून बसवायचा, त्याचे डोके कापून टाकायचे आणि समोरचे छिद्र तेवढे खोल करायचे. दार मिटले की ती खुंटी समोरच्या छिद्रात शिरते. मग खीळ काढली तरी दार चौकटीला अडकूनच राहते.

कुलपाच्या बाबतीत एक फरक ओळखला तरी पुरे. ओढले की आपोआप लागणाऱ्या लॅचची जीभ स्प्रिंगवर असते आणि तिला उतार असतो. आत उघडणाऱ्या दारात हा उतार बाहेरच्या बाजूला येतो, त्यामुळे फटीतून प्लास्टिकची लवचिक पट्टी सरकवून जीभ मागे ढकलता येते. डेडबोल्टची जीभ चौकोनी असते आणि किल्ली फिरवल्याशिवाय हलत नाही. ती बाहेर आल्यावर साधारण 25 मिलिमीटर तरी चौकटीत गेली पाहिजे. म्हणजे नुसते दार ओढून बाहेर पडणे आणि किल्ली फिरवून बाहेर पडणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि आमच्या घरात आळस नेमका इथेच होतो. दुसरी गोष्ट सिलिंडरची, म्हणजे कुलपाच्या ज्या भागात किल्ली घालतो त्याची. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारे लांबट सिलिंडर दाराच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर आले असेल, तर ते पकडीत धरून मोडता येते, कारण मधोमध, जिथे त्याला बसवण्याचा स्क्रू जातो, तिथे धातू सर्वांत पातळ असतो. योग्य मापाचे सिलिंडर आणि त्याभोवती जाड कवच घेतले की हा मार्ग बराच अवघड होतो.

युरोपातील ईएन 1627 या मानकात दाराची चाचणी कुलूप, बिजागऱ्या आणि चौकट यांच्यासकट घेतली जाते, हे वाचून मला बरे वाटले. त्यातील आरसी 2 वर्गाच्या दाराने पेचकस, पकड, पाचर अशा हत्यारांपुढे तीन मिनिटे टिकायचे असते. आरसी 3 मध्ये पहारही येते आणि मुदत पाच मिनिटांची होते. आकडे ऐकायला लहान वाटतात, पण धडधड आवाज करत तीन मिनिटे परक्या दाराशी उभे राहणे किती लांबलचक असेल, याची कल्पना करून पाहावी.

दाराशेजारी काच असेल, तर ती फोडून आतली कडी काढता येते. टफन्ड काच धक्क्याला मजबूत असली तरी फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन पूर्ण भोक पडते, तर लॅमिनेटेड काच तडकूनही मधल्या थरामुळे जागेवर राहते. सरकत्या दारांसाठी खालच्या रुळात नेमक्या मापाचा दांडा आडवा टाकावा आणि वरच्या रुळात एक-दोन स्क्रू थोडे बाहेर ठेवावेत, म्हणजे पल्ला उचलून काढता येत नाही. न्हाणीघराच्या खिडकीतल्या काचेच्या आडव्या पट्ट्या मात्र चिमटे वाकवून एकेक बाहेर ओढता येतात. तिथे गज लावण्यावाचून मला तरी दुसरा मार्ग दिसला नाही.

गज लावताना मी एक चूक करणारच होतो. सगळ्या खिडक्या कायमच्या बंद केल्या आणि दाराला आतूनही किल्लीच लागली, तर आग लागल्यावर आपणच कोंडले जाऊ. म्हणून शयनगृहाच्या एका खिडकीच्या गजांना आतून उघडणारी झडप ठेवली आणि मुख्य दाराला आतून मूठ फिरवून उघडणारे सिलिंडर घेतले; दाराजवळ हात घालता येईल अशी काच नसल्यामुळे हे शक्य झाले. दिवे मालवून सगळ्यांनी ती झडप एकेकदा उघडून पाहिली. पहिल्या प्रयत्नात धाकट्याचा हात खिट्टीपर्यंत पोहोचला नाही, म्हणून ती वीतभर खाली घ्यावी लागली.