तीन गेम, एक सेन्सिटिव्हिटी आणि स्कोपमध्ये अडकलेले तीन आठवडे

कशाच्या 82 टक्के? एवढा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला असता तर माझे तीन आठवडे वाचले असते. ते पुढे सांगते. आधी जे काम एका संध्याकाळी झालं ते.

माझा मूळ गेम काउंटर-स्ट्राइक 2, बंदुकीच्या नेमबाजीचा. माउस 800 डीपीआय, सेन्स 1 (सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस सरकला की गेममध्ये नजर किती फिरते ते), कित्येक वर्षं तेच. मग ऑफिसच्या टोळीमुळे व्हॅलोरंट सुरू झाला आणि धाकट्या भावामुळे ओव्हरवॉच, तेही नेमबाजीचेच. दोन्हीकडे मी सेन्स अंदाजाने लावला होता. परिणाम असा की व्हॅलोरंटमध्ये तासभर खेळून काउंटर-स्ट्राइकला आले की क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) शत्रूच्या डोक्याच्या पुढे निघून जायचं आणि उलट गेले की मागे राहायचं. हात एकच, सवयी तीन.

हिशेब सोपा आहे. 800 डीपीआयचा माउस एक इंच सरकला की 800 काउंट, म्हणजे हालचालीचे बारीक संकेत, पाठवतो. सेन्स 1 असेल तर काउंटर-स्ट्राइक प्रत्येक काउंटला नजर 0.022 अंश फिरवतो, व्हॅलोरंट 0.07 आणि ओव्हरवॉच 0.0066. म्हणून काउंटर-स्ट्राइकचा सेन्स 3.18 ने भागला की व्हॅलोरंटचा मिळतो आणि 3.33 ने गुणला की ओव्हरवॉचचा. माझे आकडे झाले 1, 0.314 आणि 3.33. एपेक्स लेजेंड्सचा आकडा काउंटर-स्ट्राइकसारखाच 0.022 आहे, तिथे काहीच बदलावं लागत नाही. तिन्ही गेममध्ये पूर्ण गोल फिरायला माझा माउस 52 सेंटिमीटर सरकतो. टोळीत कुणी 'माझा ईडीपीआय 800' म्हणालं तर आधी गेम विचारा. डीपीआय गुणिले सेन्स हा आकडा एकाच गेमच्या आत तुलना करायला ठीक आहे, दोन गेममध्ये त्याला अर्थ नाही.

मोजून बघाच. मी आईच्या शिवणाची टेप टेबलावर चिकटवली. पॅड 45 सेंटिमीटरचं, त्यामुळे पूर्ण फेरी मावत नव्हती, अर्धीच मोजली. भिंतीवरच्या एका खुणेवर क्रॉसहेअर ठेवायचं आणि बरोबर पाठीमागच्या खुणेपर्यंत जायचं. तिन्हीकडे 26 आले. त्या रात्री मी खरंच खूश होते.

दुसऱ्या दिवशी भावाबरोबर ओव्हरवॉचमध्ये विडोमेकर ही स्नायपर घेतली आणि सगळं कोसळलं. स्कोप (बंदुकीवरची दुर्बीण) न लावता बंदूक हवी तिथे जायची. स्कोप लावला की क्रॉसहेअर साबणावरून घसरल्यासारखं. भाऊ म्हणाला, "ताई, तू स्कोप काढूनच मार ना, तशी बरी मारतेस."

झालं असं होतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये झूम सेन्सिटिव्हिटी (स्कोप लावल्यावरचा सेन्स) मी 0.82 ठेवली होती. हा आकडा टोळीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका यादीत होता आणि खाली लिहिलं होतं, 'स्कोप सगळीकडे 0.82'. मी ते इमानदारीने ओव्हरवॉचमध्ये 82 टक्के म्हणून भरलं. त्या यादीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आकडा चुकीचा होता म्हणून नव्हे. तो कशाचा भाग आहे हे लिहायला कुणाला एक ओळ खर्च करावीशी वाटली नाही, म्हणून.

आकडा 'सगळीकडचा' आहे असं धरून चालल्यामुळे मी बाकी सगळ्यावर संशय घेतला. पॅड धुतलं. माउसच्या पायाखालच्या पट्ट्या बदलल्या. पोलिंग रेट (माउस सेकंदाला किती वेळा माहिती पाठवतो) 1000 वरून 500 केला, ज्याचा या अंतराशी संबंधच नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्कोप धावतोय म्हणून मूळ सेन्स कमी करत गेले, 3.33 वरून 3, मग 2.8. म्हणजे टेपने मोजून पटवलेला बरोबर आकडा मी स्वतःच्या हाताने बिघडवला. दोन आठवड्यांनी व्हॅलोरंटमध्येही माझे फ्लिक (झटक्यात धरलेले नेम) चुकायला लागले, कारण हात आता 62 सेंटिमीटर शिकत होता. आज कुणी मला विचारलं तर पहिली गोष्ट हीच सांगेन: हिपफायर (स्कोपशिवायचा नेम) मोजून जुळलं असेल तर स्कोपच्या तक्रारीसाठी त्याला हात लावू नका.

शेवटी टेप पुन्हा काढली, या वेळी स्कोप लावून. भिंतीच्या कोपऱ्याचा आधार घेऊन पाव फेरी मोजली. काउंटर-स्ट्राइकमध्ये एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीच्या पहिल्या झूमला जवळपास 36 सेंटिमीटर. ओव्हरवॉचमध्ये विडोमेकरला 16. दुपटीहून जास्त फरक! तेव्हा कुठे डोक्यात आलं की या दोन टक्केवाऱ्या एकाच गोष्टीच्या नाहीत.

काउंटर-स्ट्राइक स्कोप लावताच स्वतःहून वेग कमी करतो. दिसणारा कोन 90 वरून 40 वर येतो (हे 4:3 आकाराच्या पडद्याच्या मापात), म्हणून सेन्स आधीच 40 भागिले 90, म्हणजे 44 टक्के झालेला असतो. तुमचं 0.82 त्या 44 टक्क्यांना लागतं आणि हाती येतात 36 टक्के. ओव्हरवॉच असं काही कापत नाही. तिथे 82 म्हणजे मूळ सेन्सचे सरळ 82 टक्के.

मग तिथे किती ठेवायचं? स्कोपमध्येही पूर्ण फेरी 52 सेंटिमीटरचीच ठेवावी असं आधी वाटतं, पण चित्र मोठं झालेलं असतं, त्यामुळे तोच वेग डोळ्याला कितीतरी जास्त वाटतो. माझ्या मते जुळवायचं ते क्रॉसहेअरच्या अगदी जवळचं: हात तेवढाच हलला तर पडद्यावर चित्र तेवढंच सरकलं पाहिजे. त्यासाठी दोन्ही कोनांचे अर्धे घ्यायचे आणि त्यांच्या टॅन्जंटचा भागाकार करायचा. दहावीचं त्रिकोणमिती इथे कामाला आलं याचा मला मनापासून आनंद झाला. काउंटर-स्ट्राइकमध्ये टॅन 20 भागिले टॅन 45, म्हणजे 0.364. त्याला 0.444 ने भागलं की 0.819. ग्रुपवरचा 0.82 आला होता तो इथून! ओव्हरवॉचमध्ये साधा कोन 103 आणि विडोमेकरच्या स्कोपमध्ये सुमारे 51, म्हणून उत्तर 38 च्या जरा खाली. खेळणाऱ्यांमध्ये 37.89 प्रचलित आहे, मी तोच भरला. पाव फेरी आता 34 सेंटिमीटर येते. 36 आणि 34 हा फरक राहणारच, कारण दोन्ही स्कोप सारखे मोठे करत नाहीत. ओव्हरवॉचमधल्याच दुसऱ्या पात्राचा, अ‍ॅशचा स्कोप कमी मोठा करतो, तिला 51.47. एडब्ल्यूपीच्या दुसऱ्या झूमला 0.82 तंतोतंत बसत नाही, तिथे 0.79 हवं, पण सेटिंग एकच असल्याने मी पहिला झूम धरला. माझ्या बहुतेक गोळ्या तिथूनच सुटतात.

37.89 भरून पहिल्याच सामन्यात दुसऱ्या गोळीला डोकं लागलं. भाऊ हेडफोनमध्ये ओरडला आणि मी माउस सोडून दोन्ही हात वर केले.

एक राहिलंच, हे खरं तर सगळ्याच्या आधी करायचं: विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' (हाताच्या वेगानुसार पॉइंटर कमीजास्त पळवणारी सेटिंग) बंद करा. काही गेम माउसचे काउंट थेट वाचतात, त्यांना फरक पडत नाही. जुन्या गेममध्ये मात्र पडतो, आणि ते चालू असताना टेप प्रत्येक वेळी वेगळं सांगते. मोजताना हळू आणि जोरात असं दोनदा फिरून पाहा. अंतर बदललं तर कुठेतरी असं वेगानुसार बदलणारं अ‍ॅक्सेलरेशन चालू आहे.

माउस बदलला तर पुन्हा मोजा. खोक्यावर 800 लिहिलेले दोन माउस नेमके सारखे असतीलच असं नाही. आणि माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये गेमनुसार प्रोफाइल बदलायची सोय असेल तर ती बंद करा, नाहीतर एखादा गेम उघडताच डीपीआय गुपचूप बदलतो.

भावाचा माउस 1600 वर आहे. त्याच्या पीसीवर बसले की मी 3.33 च्या जागी 1.67 लावते, स्कोपचे 37.89 तसेच ठेवते, आणि उठताना त्याचे आकडे परत भरते. ते त्याने कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेत.