सर्टिफिकेट नसलेली हेजल

मला फोन येतात ते बहुतेक मित्रांच्या मित्रांचे. कुणाचा तरी मुलगा किंवा जावई अमेरिकी सैन्यातून परत आलेला असतो, आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर्व्हिस डॉगचं सर्टिफिकेट कुठून काढलंत?" सर्व्हिस डॉग म्हणजे अपंग माणसाच्या मदतीचं काम शिकवलेला कुत्रा. सर्टिफिकेट कुठूनच नाही. सरकार असं सर्टिफिकेट देतच नाही. ऑनलाइन पैसे भरले की ओळखपत्र, लाल जाकीट आणि सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र घरपोच येतं खरं, पण कायद्याच्या लेखी ती रद्दीच.

मी ग्रीन कार्डावर आर्मीत भरती झालो, अफगाणिस्तानात जाऊन आलो, आणि परतल्यावर पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मनाला जडणाऱ्या ताणाच्या आजाराचं, निदान झालं. तो भाग इथे लांबवत नाही. माजी सैनिकांचं खातं, म्हणजे व्हीए, स्वतः कुत्रा देत नाही. देतात त्या सेवाभावी संस्था, आणि त्यांची वेटिंग लिस्ट लांबलचक असते. २०२१ साली 'पॉज' नावाचा कायदा झाला, त्यातून व्हीएच्या मोजक्या केंद्रांत सैनिकांनी कुत्र्यांना शिकवायचं, हाच उपचार, असा प्रयोग सुरू झाला. माझी हेजल मात्र संस्थेकडूनच आली. काळी लॅब्रेडोर, स्वभावाने शांत, भाकरीच्या बाबतीत अजिबात शांत नाही.

ती काय करते? रांगेत उभा असलो की माझ्या पाठीमागे आडवी उभी राहते, म्हणजे कुणी एकदम अंगाला येऊन भिडत नाही. झोपेत ओरडायला लागलो की नाकाने हात ढकलत राहते, उठेपर्यंत. हे नीट सांगता येणं फार महत्त्वाचं आहे, कारण सगळा कायदा त्यावरच उभा आहे. १९९० चा अपंगांच्या हक्कांचा कायदा, इथे सगळे त्याला एडीए म्हणतात, कुत्रा नेमकं कोणतं काम शिकलाय तेवढंच बघतो. नुसता जवळ असला की बरं वाटतं, एवढ्यावर तो सर्व्हिस डॉग ठरत नाही.

कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोतल्या एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये मला दारातच अडवलं. काउंटरवर बडीशेपेची वाटी, शेजारी मालक. "डॉग अलाउड नहीं, भाईसाब." मी सांगितलं, सर्व्हिस डॉग आहे. त्यांनी कागद मागितला. मी म्हटलं, कागद लागत नाही. त्यांनी खिडकीत लावलेल्या आरोग्य खात्याच्या 'ए' ग्रेडच्या कार्डाकडे बोट दाखवलं: हे गेलं तर तुम्ही आणून देणार का? मग एका गिऱ्हाइकाला अ‍ॅलर्जी असल्याचं निघालं. शेवटी, बाहेरच्या टेबलावर बसा, पण कुत्रा खांबाला बांधा. हेजल एवढा वेळ माझ्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती. माझे हात थरथरायला लागले तशी ती उठली आणि मला दाराकडे ढकलू लागली. आम्ही निघालो.

त्यांचा एकही मुद्दा कायद्यात बसत नव्हता. कुत्र्याची भीती किंवा अ‍ॅलर्जी हे नकाराचं कारण होत नाही. कॅलिफोर्नियाच्या अन्न नियमांतही गिऱ्हाइकांच्या जागेत सर्व्हिस डॉगला मुभा आहे, स्वयंपाकघरात नाही. कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि तो कोणतं काम शिकलाय? आजार कोणता, हे विचारायचं नाही, आणि काम करून दाखवायलाही सांगायचं नाही. बाहेर काढता येतं ते कुत्रा आवरत नसेल आणि त्याचा मालकही त्याला आवरत नसेल तेव्हा, किंवा त्याने आत घाण केली तर. तेव्हासुद्धा माणसाला कुत्र्याशिवाय आत येऊ द्यावंच लागतं.

ओळखीच्या एका वकिलाने लगेच हिशेब मांडला. नुसत्या एडीएखाली खाजगी दाव्यात नुकसानभरपाई मिळत नाही, पण कॅलिफोर्नियाच्या भेदभावाविरुद्धच्या अनरू कायद्याखाली दर प्रसंगाला किमान ४,००० डॉलर मिळतात. याच आकड्यामुळे इथे एकेका माणसाने ढिगाने दावे लावलेत आणि छोटे दुकानदार पत्र आलं की घाबरतात. मला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. मी राज्याच्या सिव्हिल राइट्स डिपार्टमेंटकडे ऑनलाइन तक्रार केली. त्याला वर्षभराची मुदत असते. तारीख, वेळ, कोण काय बोललं, हे त्याच रात्री लिहून ठेवलं होतं, ते कामी आलं. जखमेची वर्णनं कुणी मागितली नाहीत.

दोन्ही बाजू तयार झाल्यावर मध्यस्थी झाली, फुकट, व्हिडिओवर. मालक सुरुवातीला आखडून बसले होते. मी पैसे मागत नाही हे कळल्यावर मोकळे झाले. त्यांनी सांगितलं, आदल्या वर्षी कुणीतरी जाकीट घातलेला कुत्रा आत आणला, त्याने टेबलावर पाय ठेवून नान पळवला, आणि गिऱ्हाइकांनी वाईट रिव्ह्यू लिहिले. "मग खरा कोण, खोटा कोण, मी ओळखायचं कसं?" प्रश्न रास्त होता. इथे खोटा सर्व्हिस डॉग मिरवणं गुन्हा आहे, पण पकडणार कोण? मी म्हटलं, नान पळवला आणि आणणाऱ्याने त्याला आवरलं नाही, त्याच क्षणी तुम्ही त्याला बाहेर काढू शकत होता, जाकीट असो वा नसो. ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कर्मचाऱ्यांना शिकवायचं, दोन प्रश्न काउंटरमागे लिहून लावायचे आणि मला लेखी दिलगिरी द्यायची, असं ठरलं.

इथल्या काउंटी सर्व्हिस डॉगला ऐच्छिक बिल्ला देतात. तो घे म्हणजे कटकट मिटेल, असं बायको म्हणते. मी घेत नाही. मी दाखवला की माझ्यामागून येणाऱ्या, बिल्ला नसलेल्या माणसाकडे तोच मागतील. यावर आमचं अजून एकमत नाही.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते: धार्मिक संस्थांना एडीए लागू नाही. त्यामुळे देवळात मी हक्क सांगत नाही, विनंती करतो. पण एखाद्या मंडळाने देवळाचा हॉल भाड्याने घेऊन सगळ्यांसाठी तिकीट लावून कार्यक्रम ठेवला, तर मंडळाला कायदा लागतो. गणपतीत आमच्या मंडळात यावरून मोठी चर्चा झाली. हेजल मागच्या रांगेत बसली, तिला मोदकाला कुणी तोंड लावू दिलं नाही.

विमानाचं मात्र वेगळं. तिथे एडीए चालत नाही, आणि जानेवारी २०२१ पासून कंपनी परिवहन खात्याचा फॉर्म मागू शकते. कुत्र्याची तब्येत, वागणूक, शिक्षण, सगळ्याची हमी आपणच सही करून द्यायची. आठ तास किंवा त्याहून लांब प्रवास असेल तर कुत्रा तेवढा वेळ शी-शू आवरेल, किंवा कुठे घाण न करता ती उरकेल, याचाही दुसरा फॉर्म. आईला सांगलीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांकडून भरून घ्यायला हवा होता, लालपरीने जाताना."