फेदर स्टार: प्रवाह असेल तिथे बैठक

फेदर स्टार झुडपासारखा दिसतो, पण आहे तारामासा आणि सी अर्चिन यांच्या भाऊबंदांतला. तारामाशाचं तोंड खाली असतं, याचं वर. गुदद्वारही वरच, तोंडापासून जवळ, एका छोट्या नळीच्या टोकाला. प्रवाह विष्ठा वाहून नेतो, म्हणून भागतं.

बुडाशी पाच बाहू, पुढे फाटे फुटत 10, 20, काही जातींत तर 200 पर्यंत. प्रत्येक बाहूला दोन्ही बाजूंनी बारीक पिसं आणि पिसांवर तीन-तीनच्या गटात नळीपाय, म्हणजे बारीक, नळीसारखे अवयव. गटातला सर्वात लांब नळीपाय तरंगता कण पकडतो आणि झटक्यात आत वळतो. कण चिकट स्रावात गुंडाळला जाऊन पिसाच्या खोबणीत पडतो. तिथून सूक्ष्म रोमांच्या हालचालीने बाहूवर आणि मग तोंडाकडे. पाणी ओढून घ्यायचा पंप याच्याकडे नाही. त्यामुळे बसायची जागा चुकली की उपास.

म्हणून ग्रेट बॅरियर रीफवर शोधायचा तर प्रवाळाचे उंचवटे, स्पंज, सी फॅन या पंख्यासारख्या प्रवाळाच्या कडा बघा. पाणी एकाच दिशेने वाहत असेल तर बाहूंचा पंखा प्रवाहाला आडवा धरलेला असतो. लाटांनी मागेपुढे होत असेल तर बाहू चहूकडे पसरलेले. ॲनेसिया बेनेटी ही जात दिवसाढवळ्या उघड्यावर बसते. बऱ्याच जाती मात्र दिवसा कपारीत दडून रात्री वर चढतात. पकड असते ती सिरींची, म्हणजे खालच्या बाजूच्या आकड्यांसारख्या अवयवांची.

रात्री डुबकी मारून बघताना टॉर्चचा झोत थेट मारू नका, बाहू मिटतात. झोत बाजूला ठेवून बाहूंच्या बुडाशी बघा: यजमानाच्याच रंगाचे स्क्वॉट लॉबस्टर, कोळंब्या, क्लिंगफिश तिथे सापडतात. पिसं हातमोज्याला किंवा वेटसूटला अडकली तर झटका देऊ नका. ठरावीक सांध्यांवर बाहू सहज तुटतो. तो पुन्हा उगवतो, आणि बीजग्रंथी मुख्यतः बुडाकडच्या पिसांत असल्याने टोक गेलं तरी प्रजनन सहसा अडत नाही. पण नवा बाहू घडवायला अन्न लागतं.

घरच्या मत्स्यटाकीत नेमकं हेच बिघडतं. गाळलेल्या पाण्यात कण विरळ, आणि दिवसातून एकदा ओतलेलं खाद्य फिल्टर ओढून नेतो. आधी बाहूंची टोकं झडतात, मग अख्खे बाहू. दुकानात कितीही देखणा दिसला तरी विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

पिल्लाची गोष्ट वेगळी. अळी काही खात नाही. थोडा काळ पोहून तळाला चिकटते आणि देठावर वाढते. सिरी आल्या की देठ तिथेच सोडून मोकळी होते.